प्राध्यापक संघटना वर्षभर करते तरी काय? (ठाणे–नवी मुंबई)

खारेगाव_टोलनाका
नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या एका अनुदानित कॉलेजात वाणिज्य शिकवतो. ठाणे, नवी मुंबई, रायगड पट्ट्यातल्या प्राध्यापकांची जी विभागीय संघटना आहे (नाव मुद्दाम लिहीत नाही, कळायचं त्यांना कळेल), तिची वर्गणी भरावी की नाही यावरून आमच्या स्टाफरूममध्ये सरळ दोन तट पडलेत. ज्येष्ठ म्हणतात, आज सातव्या वेतन आयोगाचा पगार खाताय तो संघटनेच्या जिवावर. नवे म्हणतात, पगार यूजीसीने ठरवला, राज्याने ८ मार्च २०१९ ला जीआर काढला, यात पावतीपुस्तकवाल्यांचा संबंध काय?

मला दोन्ही बाजू अर्ध्याच वाटतात. मला स्वतःला संघटना दिसते ती वर्गणीच्या वेळी, विद्यापीठाच्या सिनेटची (अधिसभेची) निवडणूक आली की, आणि शिक्षकदिनाला व्हॉट्सअपवर गुलाबाच्या फुलासकट. मधल्या काळात तिथे काय चालतं? आतून पाहिलेल्यांनी सांगावं. पक्षांची धुणी कृपया इथे धुऊ नका.

चेंदणी_बंदर
यूजीसी ठरवते हे खरं, पण राज्याने स्वीकारून जीआर काढेपर्यंत तो कागदच असतो. सहाव्या आयोगाच्या वेळचं आठवा. जानेवारी २००६ पासूनचा फरक द्यायचा होता. वाढीव खर्चाचा ८० टक्के भार केंद्र उचलणार होतं, तरी राज्य केंद्राकडे बोट दाखवायचं आणि केंद्र राज्याकडे. त्यातून २०१३ चा परीक्षा बहिष्कार झाला. एमफुक्टोने (राज्यातल्या प्राध्यापक संघटनांचा महासंघ) हाक दिली, ४ फेब्रुवारीला सुरू झाला, १० मेला संपला.

दुसरी मागणी होती १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेल्या बिगर नेट-सेट (ही पात्रता परीक्षा न दिलेल्या) प्राध्यापकांची. ही माणसं तेव्हाच्या जाहिरातीनुसार, रीतसर मुलाखतीतून लागलेली. नियम बदलत गेले आणि ती मध्येच लोंबकळली. त्यांच्यासाठी २७ जून २०१३ चा जीआर निघाला. त्यात सेवा जीआरच्या तारखेपासून धरली म्हणून पुढे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, पण तो निघाला तरी. आपोआप नाही निघाला.

टीवाय_२०१३
काका, त्या वर्षी मी टीवायला होतो. पेपर होणार का, झाले तर तपासणार कोण, निकाल कधी, कुणालाच माहीत नव्हतं. बंगळुरूला एमबीएचा प्रवेश मिळालेला, मार्कशीट वेळेत देता आली नाही आणि जागा गेली. तुमचा फरक व्याजासकट आला असेल. आमचं वर्ष कुठल्या जीआरमध्ये येतं?

चेंदणी_बंदर
राग रास्त आहे. आमच्याच बैठकीत तेव्हा दोन मतं होती. परीक्षेवर बहिष्कार हे एकच हत्यार आपल्याकडे आहे असं एक गट म्हणायचा. दुसऱ्याचं म्हणणं, मुलं हातची गेली की पालक गेले, आणि पालक गेले की सरकारला आपल्याशी बोलायची गरजच उरत नाही. मी पहिल्या गटात होतो. आजही वाटतं की त्याशिवाय कुणी दखल घेतली नसती. पण पालक गेले हेही खरं. त्या वर्षापासून वर्तमानपत्रात ‘प्राध्यापक’ शब्दाच्या मागे ‘गलेलठ्ठ पगार’ चिकटला तो चिकटलाच.

उरणचा_पोऱ्या
आमच्या कॉलेजात संघटना म्हंजे फकस्त क्रिकेट टूर्नामेंट. पन टूर्नामेंट एक नंबर होते, खोटं कशाला बोलू.

नेरूळ_पदार्थविज्ञान
निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मोर्चे, बहिष्कार हे संघटनेचं दहा टक्के काम. उरलेलं नव्वद टक्के म्हणजे शनिवार सकाळ. ठाण्यात स्टेशनजवळच्या एका जुन्या इमारतीत संघटनेची खोली आहे. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, आणि जिन्यापर्यंत लागलेली माणसं. प्रत्येकाच्या काखेत बॉक्स फाइल. ही सगळी स्थाननिश्चितीची, म्हणजे ठरावीक वर्षांनी वरच्या वेतनश्रेणीत जाण्यासाठी आलेली मंडळी.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात. सहायक प्राध्यापक लेव्हल १० वर लागतो, मूळ वेतन ५७,७००. पीएचडी असेल तर चार वर्षांनी, एमफिल असेल तर पाच, दोन्ही नसेल तर सहा वर्षांनी तो लेव्हल ११ ला पात्र होतो. पण नुसती वर्षं भरून चालत नाही. ओरिएंटेशन हवं, रिफ्रेशर (दोन्ही शिक्षकांचे प्रशिक्षणवर्ग) किंवा तत्सम काही हवं, दरवर्षीचे मूल्यमापनाचे तक्ते हवेत, आणि हे सगळं पात्रतेच्या तारखेच्या आत हवं. मग कॉलेजची छाननी, विद्यापीठाचा प्रतिनिधी, शासनाचा प्रतिनिधी, समिती, आणि शेवटी फाइल पनवेलला सहसंचालकांकडे. एका कागदावर तारीख चुकली की फाइल परत.

गेल्या वर्षी गणिताच्या एक मॅडम आल्या. पात्रता २९ जूनला. रिफ्रेशर संपला ४ जुलैला. कॉलेजच्या क्लार्कने सांगितलं, मॅडम, तुमची तारीख पाच दिवसांनी पुढे जाणार, काय मोठं. मोठं आहे! वेतनवाढीच्या तारखा दोन, १ जानेवारी आणि १ जुलै. २९ जूनला स्थाननिश्चिती झाली तर पुढची वाढ जानेवारीत. ४ जुलैला झाली तर थेट पुढच्या जुलैत. पाच दिवसांपायी सहा महिने मागे, आणि हा फरक पुढेही त्यांच्या मागे लागणार.

आमच्या खोलीत फाइल बघणारे एक सर आहेत. वय झालंय, चष्म्यावर भिंग धरून वाचतात. ते काही न बोलता मॅडमची प्लास्टिकची थैली उलटी करून एकेक सर्टिफिकेट टेबलावर लावत बसले. पत्ते मांडावेत तसे. खाली कुठेतरी एका आठवड्याच्या एफडीपीचं (शिक्षक विकास कार्यक्रमाचं) सर्टिफिकेट निघालं, दोन वर्षांपूर्वीचं. मॅडमना वाटलेलं, रिफ्रेशर केल्यावर ह्याचा काय उपयोग, म्हणून जोडलंच नव्हतं. १८ जुलै २०१८ च्या यूजीसी नियमावलीत लेव्हल १० वरून ११ ला जाताना रिफ्रेशरऐवजी किमान एक आठवड्याचा, म्हणजे पाच दिवसांचा असा कार्यक्रम चालतो. सरांनी त्या कलमाची झेरॉक्स काढली, पिवळ्या पेनने ओळ रंगवली, सर्टिफिकेटाच्या मागे टाचली, आणि रिफ्रेशर फाइलमधून काढून मॅडमच्या हातात दिला. ‘हा पुढच्या लेव्हलला वापरता येतो का ते बघू,’ म्हणाले. तारीख २९ जूनच राहिली.

हे काम व्हॉट्सअपवर दिसत नाही, त्याचा फोटोही येत नाही.

खारेगाव_टोलनाका
सर, हे कुणी आधी का सांगत नाही? माझी स्वतःची फाइल आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) कपाटात पडून आहे.

घोडबंदरची
कारण सांगितलं तर सगळेच येतील आणि खोली तेवढीच आहे 😄 गंमत सोडा. मीही त्या खोलीत जाऊन आले. काम चोख होतं. पण मला टोचलं ते वेगळंच. तिथे पदाधिकारी सगळे पुरुष, आणि शनिवारी सकाळी लेकराला कुणाकडे ठेवून यायचं हा प्रश्न सगळ्या बायकांचा. आमच्या विभागात निम्म्याहून जास्त मॅडम आहेत. कार्यकारिणीत नावापुरत्या.

कोपरखैरणे_तासिका
मी या चर्चेत बसते का ते आधी सांगा. तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासाप्रमाणे पैसे, मराठी शिकवते. सेट आहे, पीएचडी आहे. स्थाननिश्चिती, वेतनवाढ, लेव्हल ११ हे तुमचे शब्द वाचताना दुसऱ्याच्या घरातलं जेवणाचं ताट बघितल्यासारखं वाटतं.

हिशोब मांडते. पदवीला एका तासाचे ९०० रुपये, हा मार्च २०२३ नंतरचा वाढलेला दर. आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तास. म्हणजे ८,१०० रुपये. चार आठवडे भरले तर ३२,४००. भरले तर! दिवाळी गेली, परीक्षा आल्या, नाताळ, गणपती, ‘आज मुलं फेस्टिव्हलला आहेत’, त्या दिवसांचे शून्य. मे-जून शून्य. आणि पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत, कधी सत्र संपल्यावर, कधी त्याच्याही नंतर. यूजीसीने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० असं सांगितलेलं. ते कुठे अडकलं, हे तुमच्या भिंगवाल्या सरांना विचारा.

सकाळी कॉलेज, संध्याकाळी ऐरोलीला बारावीचा क्लास. क्लासवाला एक तारखेला पैसे देतो. त्याने माझी पीएचडी कधी विचारली नाही.

संघटनेच्या सरांना विचारलं, मी सभासद होऊ शकते का. म्हणाले, ‘मॅडम, तुमचं कायम झालं की या.’

पामबीच_१४
हे वाक्य प्रत्येक संघटनेच्या दारावर पाटी करून लावायला हवं.

कार्यकारिणीतला_एक
मी कार्यकारिणीवर आहे, त्यामुळे नाव न सांगता पण जबाबदारीने लिहितो. मॅडमना ते उत्तर ज्यांनी दिलं ते चुकीचं होतं. संघटनेच्या घटनेत तासिकावाल्यांना बंदी नाही. घटनेत आहे ‘मान्यताप्राप्त शिक्षक’, आणि विद्यापीठाची मान्यता तासिकावाल्यांच्या नेमणुकीला कायम शिक्षकासारखी मिळत नाही, म्हणून प्रथा पडली. सिनेटच्या शिक्षक मतदारसंघातही तेच. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने सिनेटवर कॉलेजच्या शिक्षकांतून दहा जण निवडून जातात. त्यांना मत देणाऱ्यांत तासिकावाले नाहीत. ज्याचं मत नाही त्याच्या प्रश्नाला किती वजन पडतं, हे सांगायला नको.

दुसरं कारण भीतीचं. आम्ही दोन वर्षांपूर्वी तासिकावाल्यांची बैठक बोलावली होती. हॉल भरला. सह्यांचा कागद फिरवला तर कोरा परत आला. दर जूनला नव्याने मुलाखत, प्राचार्यांच्या मर्जीवर नेमणूक, तिथे सही कोण करणार?

आणि मुळात जागा भरल्या तर हा प्रश्नच निम्मा सुटतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये ३,५८० जागा भरायला परवानगी मिळाली. १,४९२ भरल्या आणि भरती थांबली. उरलेल्या २,०८८ साठी पुन्हा निवेदनं, पुन्हा धरणं, पुन्हा परवानगी. दरम्यान तेवढ्याच काळात किती जण निवृत्त झाले ते मोजा.

कोपरखैरणे_तासिका
जागा भरा ही मागणी बरोबरच आहे. पण ती तुमच्या सोयीची मागणी आहे सर. जागा भरल्या की सभासद वाढतात. जागा भरेपर्यंत जी माणसं तास घेताहेत त्यांचं बिल दोन महिन्यांत निघावं, ही मागणी तुमच्या निवेदनात कितव्या क्रमांकावर होती?

कार्यकारिणीतला_एक
अकराव्या.

उरणचा_पोऱ्या
ह्ये उत्तर देयाला पन हिंमत लागते सर. मानला.

वाशी_सेक्टर_नऊ
विनाअनुदानितांची बाजू कुणी मांडत नाही म्हणून मी मांडते. आमच्याकडे तर जेडी (सहसंचालक) नाही, ट्रेझरी नाही, सेवार्थ (सरकारी पगाराची प्रणाली) नाही. बीएमएस, बीएमएम, आयटी, सगळं सेल्फ फायनान्स. पगार मॅनेजमेंट ठरवेल तो. लोकांना वाटतं इथे कायदाच लागू नाही. तसं नाहीये. मला संघटनेच्या एका वकील सभासदाने समजावलेलं लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली) शिक्षकांनाही लागू होता. पूर्वी शिक्षक ‘कर्मचारी’च्या व्याख्येत बसत नव्हते. २००९ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू धरली. खासगी शाळा सर्वोच्च न्यायालयात गेल्या, २९ ऑगस्ट २०२२ ला हरल्या. म्हणजे सलग पाच वर्षं नोकरी झाली आणि सोडली, तरी ग्रॅच्युइटी मिळते. हिशोब असा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला १५ ने गुणा, वर्षांनी गुणा, २६ ने भागा. ३० हजार पगार आणि सात वर्षं असतील तर साधारण १ लाख २१ हजार. आमच्या कॉलेजात ‘आमच्याकडे ती पद्धत नाही’ म्हणून सांगायचे! कायद्याला पद्धत कसली?

आम्ही चौघींनी लेखी अर्ज दिला, संघटनेच्या लेटरहेडवर सोबत पत्र जोडलं. तिघींचे पैसे आले. चौथीचं प्रकरण नियंत्रक प्राधिकाऱ्यापुढे आहे.

चेंदणी_बंदर
मॅडम, फार मोलाचं. त्याला एक जोड देतो. कॉलेजने काढून टाकलं तर कामगार न्यायालयात धावू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलंय की शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखालचा ‘कामगार’ नाही. गोव्याच्या एका शिक्षिकेचा खटला होता. आपल्यासाठी विद्यापीठ आणि महाविद्यालय न्यायाधिकरण आहे. २०१६ च्या कायद्यात कलम ८१ बघा. आदेश हातात पडल्यापासून तीस दिवसांत अपील. लोक तीन महिने मॅनेजमेंटच्या दारात हात जोडत बसतात आणि मुदत घालवतात. किरकोळ तक्रारींसाठी कलम ७९ ची तक्रार निवारण समिती वेगळी. संघटनेची पहिली उपयोगी गोष्ट कुठली विचाराल तर, कुठल्या दारात जायचं ते पहिल्या दिवशी सांगणारा माणूस.

टीवाय_२०१३
इथली ही माहिती वाचून एक प्रामाणिक प्रश्न. हे सगळं पगार, बिलं, ग्रॅच्युइटी झालं. शिकवण्याबद्दल संघटना काही करते का? यंदा माझा भाचा एफवायला गेलाय. त्याच्या वेळापत्रकात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, आयकेएस (भारतीय ज्ञान प्रणाली), आणि त्याला कुणालाच समजावून सांगता येत नाही की मायनर नंतर बदलता येईल का.

घोडबंदरची
आम्हालाही नाही येत, त्याला सांगा 🙂 नवीन शैक्षणिक धोरण आमच्याकडे संलग्न कॉलेजांत २०२४-२५ मध्ये पहिल्या वर्षाला आलं. तेव्हा जून उजाडला तरी काही विषयांचे अभ्यासक्रम हातात नव्हते. संघटनेने ऑगस्टमध्ये एक कार्यशाळा घेतली. अर्धा दिवस भाषणं, ती झोप काढण्यालायक. दुपारनंतर मात्र प्रत्येक विषयाचे शिक्षक गोल करून बसले आणि आपापल्या कॉलेजात काय चाललंय ते एकमेकांना दाखवलं. कल्याणच्या एका सरांनी ओपन इलेक्टिव्हची वेळापत्रकं जुळवायची साधी एक्सेल शीट केलेली, ती सगळ्यांनी पेनड्राइव्हवर घेतली. माझ्या मते त्या दिवसाचं फलित ती शीट.

पण खाली खरी धास्ती वर्कलोडची. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन लागतं. क्रेडिटची नवी विभागणी झाली की भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांचे तास घटतात. तास घटले की पद ‘अतिरिक्त’, माणूस निवृत्त झाला की ते पद परत भरतच नाहीत, आणि उरलेले चार-सहा तास...

कोपरखैरणे_तासिका
...माझ्याकडे येतात. तासाला ९०० ने. वाक्य मी पूर्ण केलं.

न्यूजर्सीचा_डोंबिवलीकर
इथे बाहेरून डोकावतोय, बायको इकडे कम्युनिटी कॉलेजात शिकवते, अर्धवेळ. इकडची एएयूपी नावाची प्राध्यापकांची संघटना १९१५ ची. जॉन ड्यूई पहिला अध्यक्ष. तिचं मूळ काम अध्यापन स्वातंत्र्याचं, कुणाला मतांमुळे काढलं तर चौकशी करायची आणि ज्या संस्थेने नियम पायदळी तुडवले तिचं नाव निषेधाच्या यादीत टाकायचं. यादीत नाव आलं म्हणून दंड होत नाही. पण विद्यापीठं त्या यादीला बिचकतात.

दुसरं त्यांचं काम म्हणजे दरवर्षी पगारांचा सर्व्हे. कुठल्या संस्थेत कुठल्या हुद्द्याला किती, छापून मोकळे. अर्धवेळवाल्यांचेही आकडे गोळा करतात. इकडेही त्यांचे हाल आहेत, तेव्हा स्वर्ग आहे असं नाही. पण आकडे समोर असले की भांडायला बरं पडतं. तुमच्याकडे असं काही आहे का?

पामबीच_१४
अमेरिकेत काय चालतं ते कशाला? इकडे प्राचार्यांचं नाव निषेधाच्या यादीत टाकलं तर दुसऱ्या दिवशी टाकणाऱ्याची बदली सिंधुदुर्गाच्या शाखेत.

नेरूळ_पदार्थविज्ञान
नको ती यादी, पण सर्व्हे हवा. अमरावतीकडे ‘नुटा’वाल्यांचं (तिकडची प्राध्यापक संघटना) बुलेटिन आम्ही हावऱ्यासारखं वाचायचो. जीआर, कोर्टाचे आदेश, पत्रव्यवहार, सगळं तारखांसकट छापलेलं. बी. टी. देशमुख सरांनी ती शिस्त लावली. विधान परिषदेत ते उभे राहिले की हातात कागद असायचा. आपल्या भागात भाषणं करणारे पुष्कळ, कागद ठेवणारे कमी. आपलं लोखंडी कपाट भरलेलं आहे, पण त्यात आहेत नुसत्या एकेकाच्या फाइली. सगळ्यांची मिळून अशी एकही नाही.

खारेगाव_टोलनाका
मग करूया का? ठाणे ते पनवेल, अनुदानित कॉलेजांत तासिकेची बिलं किती दिवसांनी निघाली याचा तक्ता. शिक्षकाचं नाव नको. कॉलेजचं नाव हवं. वाणिज्यवाला आहे, शीट मी करतो.

कार्यकारिणीतला_एक
कॉलेजचं नाव टाकलं तर एका विषयाला एकच तासिकावाला असतो, तो लगेच ओळखू येईल. मी विरोध करत नाही, अडचण सांगतोय.

कोपरखैरणे_तासिका
विषय टाकू नका. शाखाही नको. कॉलेज, सत्र, तारखा, बास. आणि माहिती कायम सभासदांनी द्यायची, आम्ही नाही. तुमच्याच विभागात आमची बिलं बनतात, मस्टरवर तुम्ही सही करता. तुम्हाला कोण काढणार आहे?

घोडबंदरची
+१. आमच्या विभागाची मी देते. मस्टर माझ्याकडेच असतं.

चेंदणी_बंदर
माझ्या जुन्या कॉलेजची मिळवतो. पण पुढच्या आमसभेत हे ठराव म्हणून यायला हवं, नाहीतर ‘काही उपद्व्यापी लोकांनी केलेली शीट’ म्हणून बाजूला सारतील. सूचक मी. अनुमोदक हवा. आणि त्याच ठरावात सभासदत्वाची दुरुस्ती: ‘मान्यताप्राप्त’ऐवजी ‘अध्यापन करणारा’.

कार्यकारिणीतला_एक
घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश लागतात. आणि ज्येष्ठ विरोध करतील, आत्ताच सांगतो. त्यांचं म्हणणं, हजारभर तासिकावाले आले तर पुढच्या निवडणुकीत कार्यकारिणीच त्यांची होईल.

नेरूळ_पदार्थविज्ञान
होऊ दे की! आमच्यातले निम्मे पुढच्या पाच वर्षांत पेन्शनवर. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले एनपीएसवाले (नव्या पेन्शन योजनेतले) मागून येताहेत, त्यांच्यामागे कोण आहे? मी निवृत्त सभासद, मला मत नाही, पण आमसभेत बोलायला मनाई नाही. आणि त्या दिवशी मामलेदारची मिसळ मागवणार असाल तर माझी कमी तिखट.

वाशी_सेक्टर_नऊ
अनुमोदक मी. विनाअनुदानितवाले चालतात ना अनुमोदनाला?

कार्यकारिणीतला_एक
पावती असेल तर चालतात. ठराव आमसभेच्या पंधरा दिवस आधी लेखी लागतो, सूचक-अनुमोदकाच्या सह्यांसकट. व्हॉट्सअप चालणार नाही.

खारेगाव_टोलनाका
शीट केली. रकाने: कॉलेज, सत्र, शेवटचा तास कधी झाला, पैसे कधी जमा झाले, मधले दिवस. काही सुचवायचं असेल तर आजच सांगा. वर्गणी भरली, पावती कपाटात आहे, ज्यांनी विचारलं त्यांच्या माहितीसाठी.

कोपरखैरणे_तासिका
एक रकाना राहिला. कॉलेजने बिल वर पाठवलं कधी, ती तारीख वेगळी हवी. नाहीतर कॉलेज म्हणणार वरून पैसे आले नाहीत, वरचे म्हणणार बिलच आलं नाही. जावक क्रमांकही घ्या. तो क्लार्क देत नाही, पण रजिस्टर काउंटरवरच उघडं असतं.